भिंतीला ओल आलीय? रंगाचा डबा उघडण्याआधी या चुका टाळा

मे महिना लागला की सांगलीत रंगारी हाताला लागत नाहीत. वर्षभर पोपडे धरलेल्या भिंतीकडे कानाडोळा करणारी माणसं एकदम जागी होतात आणि ‘पावसाच्या आत एक हात मारून घेऊ’ असं ठरतं. लांबी, प्रायमर, दोन हात रंग. गणपतीला पाहुणे येतात तेव्हा भिंत छान दिसते आणि दिवाळीला तीच जागा पुन्हा फुगते. मग कंपनीचा रंग वाईट, रंगारी वाईट. पाणी कुठून येतंय हे मात्र कुणी पाहिलेलंच नसतं.

घरात ओल येण्याच्या वाटा मोजक्याच. घराच्या पायातून वर चढते, गच्चीतून खाली उतरते, न्हाणीघरातून किंवा फुटक्या पाइपातून आडवी पसरते. आणि आपल्या गावात आणखी एक, पुराची मुरलेली ओल. प्रत्येकीचा इलाज वेगळा आहे आणि रंग हा त्यातल्या एकीचाही इलाज नाही.

आधी डाग नीट बघा

जमिनीपासून दोन-तीन फूट उंचीचा सलग पट्टा, त्याच्या वरच्या कडेला पांढरा लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले क्षार, तर पाणी पायातून येतंय. मोठा पाऊस झाला की एक-दोन दिवसांत छताच्या कोपऱ्यात डाग गडद होतो, तर गच्ची बघा. भर उन्हाळ्यातही डाग वाळत नसेल आणि पलीकडे न्हाणीघर किंवा मोरी असेल, तर नळजोडणी. शंका असेल तर रात्री गच्चीवरच्या टाकीत पाणी येण्याचा कॉक बंद करा, घरातले सगळे नळ बंद करा आणि पाण्याच्या पातळीवर खडूने रेघ मारा. फ्लशची टाकी झिरपत नाही ना, तेही बघून घ्या. सकाळी पाणी रेघेखाली गेलं असेल तर पाइप कुठेतरी गळतोय.

दुसरी परीक्षा त्याहून स्वस्त. हातभर लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा कागद ओल्या जागेवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा आणि दोन दिवस तसाच ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला जमले तर तो हवेतला दमटपणा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, खिडकी उघडी ठेवा, बस. या दुसऱ्या प्रकारातही लोक वॉटरप्रूफिंगवर हजारो रुपये घालवतात.

गच्चीवरचं ‘केमिकल’

‘मालक, केमिकल मारून देतो, काय काळजी करू नका.’ हे वाक्य ऐकलं की त्या माणसाला विचारा, पाणी कुठून उतरतंय ते दाखव. बहुतेक वेळा सपाट कोब्यातून, म्हणजे स्लॅबवरच्या ढाळाच्या थरातून, पाणी येत नाही, कडांमधून येतं. कठडा आणि कोबा जिथे मिळतात तिथला वाटा (कोपऱ्यात भरलेली सिमेंटची गोलाई) उखडलेला असतो. पन्हाळीच्या तोंडाशी पाइपाभोवतीचं सिमेंट सुटलेलं असतं, वर पिंपळाचं रोप डोकावत असतं. सोलरचा स्टँड किंवा डिशची छत्री बसवताना कोब्यात मारलेली भोकं कुणाच्या लक्षातही नसतात. कठड्याच्या माथ्यावरची चीर तर खालून दिसतच नाही. पिंपळाचं रोप वरवर कापू नका, मूळ आत राहिलं तर दोन महिन्यांत परत फुटतं.

खात्री करायची तर पन्हाळीचं तोंड बुजवा, गच्चीच्या एकेका भागाला मातीचा छोटा बांध घाला आणि दोन इंच पाणी साठवून २४ ते ४८ तास थांबा. एका वेळी एकच भाग, म्हणजे कुठला गळतो ते कळेल. स्लॅब आधीच तडकलेला किंवा लोंबलेला असेल तर मात्र ही परीक्षा करू नका. हे काम मार्च-एप्रिलचं. जूनच्या पहिल्या सरीनंतर दमट, धुळकट कोब्यावर मारलेलं कोटिंग पुढच्या उन्हाळ्यात पापडासारखं निघतं.

सगळ्यात महागात जाणारी चूक म्हणजे जुन्या विटांच्या कोब्यावर दुसरा कोबा. जुना थर पाणी पिऊन बसलेला असतो, ते आत कोंडलं जातं आणि पाऊस थांबल्यावरही पंधरा-पंधरा दिवस छत ठिबकत राहतं. शिवाय वजन. दहा बाय बाराच्या खोलीवर चार इंचाचा थर म्हणजे दोन टनांच्या आसपास भार. तीस-चाळीस वर्षांच्या स्लॅबवर तो का चढवायचा? जुना काढा, दहा फुटांना सव्वा ते दीड इंच ढाळ मिळेल असा नवा करा. छताला खालून खपल्या निघून सळई दिसत असेल तर तिच्यावर गिलावा थापू नका. गंजलेली सळई फुगते आणि नवं सिमेंट ढकलून देते. सुटं काँक्रीट ठोकून काढायचं, सळई तारेच्या ब्रशने चकचकीत करायची, गंजरोधक लावायचं, मगच भरायचं. सळई निम्मी झिजलेली दिसली तर गवंड्याला नको, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

पुराचं पाणी उतरल्यावर

सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा घरांत शिरलं. गावभागात, सांगलीवाडीत, कर्नाळ रोडला चिखल उपसून झाला की पहिली घाई असते भिंती ‘पूर्वीसारख्या’ करण्याची. तीच करू नका. वीटकाम वाळायला साधारण इंचाला एक महिना लागतो. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी मोकळी असली तरी चार-पाच महिने धरा. पाण्याच्या खुणेच्या फूटभर वरपर्यंत भुसभुशीत गिलावा काढून टाका आणि विटांना वारा लागू द्या. घर उघडंबोडकं दिसतं, बायकामाणसं वैतागतात, पण इलाज नाही.

लोणा दिसला की लोक पाण्याने धुतात. त्याने क्षार विरघळून परत विटेत जातात. कोरड्या ब्रशने झाडा, सुपलीत गोळा करा, बाहेर टाका. ओल्या भिंतीवर टाइल्स हा आणखी एक लोकप्रिय उपाय. पाणी टाइल्सच्या मागून वर चढतं आणि ओल तीन फुटांवर होती ती पाच फुटांवर येते. जुन्या वाड्यांच्या दगडमातीच्या, चुन्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा आणि वर प्लॅस्टिक पेंट तर नकोच. चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी त्या भिंतीला श्वास घेऊ देतात. चुन्यात काम करणारा गवंडी शोधावा लागतो, पण आसपासच्या गावांत अजून मिळतो.

बाहेरची जमीन पाण्याने भरलेली असताना जमिनीखालची टाकी पूर्ण रिकामी करू नका, बाहेरच्या दाबाने ती उचलली जाते किंवा तडकते. जमिनीतलं पाणी ओसरल्यावर उपसा, गाळ काढा, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने घासून घ्या. पाण्यात बुडालेले स्विच वाळले तरी वायरमनने तपासल्याशिवाय मेन चालू करायचा नाही.

भेगा

शामरावनगरसारख्या काळ्या मातीच्या भागात एप्रिल-मेमध्ये खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग उघडते, पावसात मिटते. माती फुगते, आकसते, घर तिच्याबरोबर हलतं. मे महिन्यात सिमेंटने भेग बुजवली की शेजारी नवी पडते. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा आणि वर्षभर बघा. वाढत नसेल तर लवचीक सीलंटने भरा, वाढत असेल तर घराच्या पायाचं काम जाणणारा माणूस बोलवा. तोवर घराभोवती तीन फूट रुंदीचा, बाहेर ढाळ असलेला कोबा करून घ्या, मोरीचं पाणी पायाशी सोडू नका.

जुनं घर विकत घेताना खालच्या चार फुटांनाच ताजा रंग दिसला तर शेजाऱ्यांना विचारा, २०१९ ला इथं पाणी किती होतं. निळ्या आणि लाल पूररेषेत प्लॉट कुठे बसतो ते महापालिकेत बघा; निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. आणि वॉटरप्रूफिंगवाल्याने दहा वर्षांची गॅरंटी कागदावर दिली तरी शेवटचा हप्ता गच्चीत पाणी साठवून बघितल्यावरच द्या.