अमेरिकेच्या स्पाउस व्हिसाची मुलाखत: पुराव्यांची फाइल लावताना या चुका टाळा

मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत जोडीदाराच्या इमिग्रंट व्हिसाची मुलाखत बहुतेकदा काही मिनिटांत आटोपते. त्या मिनिटांत तीनशे पानांची फाइल कोणी चाळत बसत नाही. तरीही मुलाखत जवळ आली की घरोघरी एकच धडपड सुरू होते: अल्बम, चॅट, बिले, मिळेल ते गोळा करायचे. अडकतात ती प्रकरणे मात्र पुरावे कमी पडल्याने क्वचितच अडकतात. एका कागदावरची तारीख दुसऱ्या कागदाशी जुळत नाही किंवा तोंडचे उत्तर दोन्हींशी जुळत नाही, तिथे गाडे थांबते.

अधिकाऱ्याला दोन वेगळ्या गोष्टी ठरवायच्या असतात. लग्न कायद्याने वैध आहे का, आणि ते खरोखर संसारासाठी केले आहे का. लग्नाच्या दाखल्याने फक्त पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते.

लग्नाची तारीख नेमकी कोणती?

आपल्याकडे सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. मुलगा अमेरिकेत असतो, सुट्टी दोन आठवड्यांची. पिटिशन (जोडीदाराला बोलावण्यासाठी अमेरिकी सरकारकडे करायचा अर्ज) लवकर भरता यावी म्हणून मार्चमध्ये ‘रजिस्टर’ उरकतात आणि हॉल, पत्रिका, वऱ्हाड असे लग्न डिसेंबरमध्ये होते. फॉर्मवर मार्च, फोटोत डिसेंबर, आणि मुलाखतीत “लग्न कधी झाले?” विचारल्यावर मुलगी मनापासून डिसेंबर सांगते. तिच्या मनात तेच लग्न असते.

महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली ‘नमुना ड’ भरून जो ‘नमुना ई’ दाखला मिळतो, तो आधीच लागलेल्या लग्नाची नोंद असतो. विवाहाची तारीख आणि नोंदणीची तारीख अशा त्यात दोन तारखा असतात. आय-१३० (ही पिटिशन) आणि डीएस-२६० (इमिग्रंट व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) यांवर विवाहाची तारीख जाते, नोंदणीची नाही. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली मात्र तीस दिवसांच्या नोटिशीनंतर विवाह अधिकाऱ्यासमोर लग्नच लागते, म्हणून तीच लग्नाची तारीख. आधी कायदेशीर लग्न आणि सोहळा नंतर असा बेत असेल, तर हाच रस्ता सरळ आहे. न झालेला विधी झाला असे लिहून ‘नमुना ड’वर सह्या करू नका, त्या विधीचे फोटो आणि हजर माणसे यांविषयी पुढे प्रश्न निघाला तर खरे उत्तर देता येत नाही.

गोव्यात नागरी निबंधकाकडे दोनदा सह्या होतात. पहिली सही लग्नाच्या इराद्याची. तिला लग्न समजून ती तारीख फॉर्मवर टाकू नका.

याच घोळातून निघणारी आणखी जड चूक म्हणजे रजिस्टर झाल्यावर, सोहळ्याआधी, टुरिस्ट व्हिसाच्या फॉर्मवर (डीएस-१६०) ‘अविवाहित’ लिहिणे. घरच्यांच्या लेखी लग्न व्हायचे असते, पण कायद्याने झालेले असते. ते जुने डीएस-१६० वकिलातीच्या नोंदीत राहते आणि चुकीची माहिती दिली असा ठपका येऊ शकतो. असे झाले असेल तर मुलाखतीआधी इमिग्रेशन वकिलाला दाखवा आणि विचारल्यावर खरे सांगा.

उपाय एका पानाचा आहे. चार रकाने आखा: तारीख, काय झाले, कोण हजर होते, पुरावा क्रमांक. स्थळ आले तो दिवस, पहिला व्हिडिओ कॉल, घरच्यांची बैठक, साखरपुडा, कायदेशीर लग्न, सोहळा, प्रत्येक भेटीचे येणे-जाणे. कायदेशीर लग्नापुढे ‘कायदेशीर विवाह’ आणि सोहळ्यापुढे ‘धार्मिक विधी’ असे स्पष्ट लिहा. इंग्रजीत टाइप करून हे पान फाइलच्या सुरुवातीला ठेवा. दोघांनी आधी आपापले वेगवेगळे लिहावे आणि मग ताडून पाहावे. चुकलेल्या तारखा तिथेच सापडतात.

नाव बदलले, कागद बदलले नाहीत

ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिले गेले, पत्रिकेतही छापले, पण पासपोर्ट, पॅन आणि शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या नावाने. आपल्याकडे मधले नावही वडिलांचे जाऊन नवऱ्याचे येते, त्यामुळे एकाच बाईची तीन-चार पूर्ण नावे कागदोपत्री सहज होतात. हे अधिकाऱ्याला माहीत असते. अडचण येते ती डीएस-२६० मधला ‘इतर नावे’ हा रकाना रिकामा सोडल्यावर. जन्मापासून वापरलेले प्रत्येक नाव, स्पेलिंगच्या फरकासकट, तिथे लिहा.

व्हिसा पासपोर्टवरच्या नावाने मिळतो. म्हणून प्रक्रिया सुरू असताना हौसेने पासपोर्टवर नाव बदलायला जाऊ नका. बदललेच असेल तर जुना पासपोर्ट, राजपत्राची प्रत आणि नव्या नावाचे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट सोबत हवे. माहेरचे नाव ठेवायचे असेल तर ते खुशाल ठेवा. त्यामुळे लग्न खोटे ठरत नाही.

जन्मदाखल्यावर बाळाचे नावच नसणे हीदेखील नेहमीची गोष्ट. ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत नावाची नोंद करून नवा दाखला घ्या. जन्माची नोंदच नसेल तर त्या कार्यालयाकडून अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्या आणि त्याला शाळेचा दाखला व आईवडिलांचे शपथपत्र जोडा. यात महिने जातात, म्हणून मुलाखतीची तारीख येण्याची वाट पाहू नका. मूळ दाखले लॅमिनेट करू नका. शिक्का आणि कागद हाताळून पाहता यायला हवा. मराठीतल्या कागदाला इंग्रजी भाषांतर लागते आणि भाषांतर अचूक आहे व आपल्याला दोन्ही भाषा येतात, असे भाषांतरकाराचे सहीनिशी निवेदन लागते.

आधीचे लग्न

दोघांपैकी कोणाचेही आधीचे लग्न लपवू नका, ते तीन महिने टिकलेले असले तरी. स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेली सोडचिठ्ठी म्हणजे कोर्टाचा घटस्फोट नव्हे. काही समाजांत काडीमोडाची रूढी कायद्याने मान्य आहे, पण ती रूढी सिद्ध करावी लागते. कौटुंबिक न्यायालयाची डिक्री हाच भरवशाचा कागद. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ५ प्रमाणे पहिला जोडीदार हयात असून ते लग्न कायद्याने सुटले नसेल, तर दुसरे लग्न वैधच नाही. मग त्या लग्नाचे कितीही फोटो असले तरी उपयोग नाही. एकतर्फी किंवा लढवलेल्या खटल्याच्या निकालानंतर अपिलाची ९० दिवसांची मुदत संपायच्या आत दुसरे लग्न लावले असेल, तर वकिलाचा सल्ला आधी घ्या. डिक्रीची प्रमाणित प्रत मागवा; वेबसाइटवरून उतरवलेला निकाल पुरत नाही.

पुरावा मोबाइलमध्ये ठेवून जाणे

वकिलातीत मोबाइल आत नेता येत नाही. “सगळे फोनमध्ये आहे” म्हणणाऱ्याकडे खिडकीशी काहीच नसते. जे दाखवायचे ते छापून न्या.

फोटो पंचवीस-तीस पुरेत. स्टुडिओचा करिश्मा अल्बम नको. एडिट केलेले आभाळ आणि कारंजी पाहून काहीच कळत नाही. हळद, केळवण, साखरपुडा, सप्तपदी, नंतरची पूजा, सासरच्यांबरोबरचे जेवण, प्रत्येक भेटीतले दोन-तीन, असे वेगवेगळ्या दिवसांचे आणि वेगवेगळ्या माणसांसोबतचे निवडा. फक्त दोघांच्या सेल्फींपेक्षा मामा, काकू, भावंडे दिसणारे फोटो जास्त बोलतात. प्रत्येकाखाली एक ओळ लिहा: तारीख, गाव, प्रसंग आणि डावीकडून कोण कोण. एका साडीतले, एका संध्याकाळचे चाळीस फोटो म्हणजे एकच पुरावा.

व्हॉट्सअॅपची दोनशे पाने नकोत. स्थळ ठरल्यापासून आजपर्यंत दर महिन्याचे एखादे पान घ्या. स्क्रीनशॉटवर नुसते ‘काल’ किंवा ‘मंगळवार’ येते, वर्ष दिसत नाही. म्हणून ‘चॅट एक्स्पोर्ट’ करून त्यातली पाने छापा, त्यात प्रत्येक मेसेजपुढे पूर्ण तारीख असते. एक्स्पोर्ट करण्याआधी नवऱ्याचा नंबर ‘अहो’ नावाने सेव्ह असेल तर तो पूर्ण नावाने सेव्ह करा, नाहीतर छापील पानावर बोलणारा कोण ते कळणार नाही. रोमन लिपीतले मराठी मेसेज अधिकाऱ्याला वाचता येत नाहीत, त्यामुळे निवडलेल्या पानांचे इंग्रजी भाषांतर जोडा. प्रेमाच्या शब्दांपेक्षा “आईचा रिपोर्ट आला का”, “भाडे भरलेस का” असे रोजचे बोलणे निवडा. संसार त्यातच दिसतो. कॉल लॉगची काही पाने वेगळी लावा.

बोर्डिंग पासची शाई उडते. थर्मल कागद असतो, वर्षभरात कोरा होतो. प्रवास झाल्या दिवशी स्कॅन करा. तिकिटावरून फक्त बुकिंग झाल्याचे कळते. प्रवास सिद्ध होतो तो बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरच्या शिक्क्याने.

पैशांचे कागद

इथे अनेकांना वाटते की जॉइंट खाते नाही म्हणजे संपले. जोडपे दोन देशांत असेल तर एकत्र भाडेकरार, एकत्र वीजबिल कुठून असणार? जे शक्यच नव्हते त्याची भीती बाळगू नका आणि ते बनवायलाही जाऊ नका. मुलाखतीच्या आठवडाभर आधी दहा हजार टाकून उघडलेले, एकही व्यवहार नसलेले खाते संशय वाढवते. त्यापेक्षा दरमहा घरी पाठवलेल्या पैशांच्या पावत्या, विम्यात व पीएफमध्ये बदललेले नॉमिनेशन, नवऱ्याच्या कंपनीच्या आयुर्विम्यात बायको लाभार्थी असल्याचा कागद हे साधे आणि भक्कम पुरावे. नवरा एनआरआय असेल तर निवासी पत्नीला एनआरई खात्यात ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ (खाते आधी पहिल्या धारकाचे, त्याच्या पश्चात दुसऱ्याचे) पद्धतीने जोडधारक करता येते. ते लग्नानंतर लगेच करा, म्हणजे मुलाखतीपर्यंत खात्याला इतिहास असतो.

सर्वांत महाग पडणारी चूक अमेरिकेच्या टॅक्स रिटर्नमध्ये दडलेली असते. ३१ डिसेंबरला तुम्ही विवाहित असाल तर त्या संपूर्ण वर्षासाठी विवाहित धरले जाता. बायको भारतात आहे म्हणून नवरा ‘सिंगल’ भरतो, सॉफ्टवेअरही अडवत नाही, आणि तेच ट्रान्सक्रिप्ट (रिटर्नचा सरकारी उतारा) आय-८६४ सोबत, म्हणजे जोडीदाराच्या खर्चाची हमी देणाऱ्या फॉर्मसोबत, जाते. म्हणजे एका कागदावर विवाहित, दुसऱ्यावर अविवाहित, आणि दोन्हींवर सही त्याचीच. दुरुस्ती १०४०-एक्स हा सुधारित रिटर्न भरून करता येते. ती मुलाखतीआधी करा आणि प्रत न्या. भरायचे दोन मार्ग आहेत. ‘मॅरिड फायलिंग सेपरेटली’ भरताना जोडीदाराला सोशल सिक्युरिटी नंबर किंवा आयटीआयएन (करासाठीचा ओळख क्रमांक) नसेल तर त्या जागी ‘एनआरए’ (नॉनरेसिडेंट एलियन) लिहितात. ‘जॉइंटली’ भरायचे तर डब्ल्यू-७ अर्जाने आयटीआयएन घ्यावा लागतो आणि जोडीदाराचे भारतातले उत्पन्नही दाखवावे लागते.

आय-८६४ मध्ये उत्पन्न कुटुंबाच्या आकारानुसार ठरलेल्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के लागते आणि त्या आकारात येणारा जोडीदारही मोजायचा असतो. कमी पडले तर जॉइंट स्पॉन्सर (सोबत हमी देणारा दुसरा माणूस) घ्या. पिटिशन भरणारा अमेरिकी नागरिक भारतात, समजा पुण्यात, राहत असेल तर त्याला अमेरिकेत परत स्थायिक होण्याचा इरादाही दाखवावा लागतो: नोकरीचे पत्र, घराची चौकशी, तिथले चालू खाते.

एकाच साच्यातली शपथपत्रे

वकिलाकडून एक मजकूर टाइप करून घेऊन पाच नातेवाइकांच्या सह्या घेतल्या, की पाचही वाया. अमेरिकी नियमानुसार शपथपत्रात देणाऱ्याचे पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मठिकाण, जोडप्याशी नाते आणि लग्नाची माहिती त्याला कशी झाली याचा तपशील लागतो. स्थळ ज्यांनी सुचवले त्यांचे एक आणि लग्नानंतर दोघांना एकत्र पाहिलेल्या मित्राचे एक, असे दोन पुरेत. “दोघे सुखात आहेत” याला वजन नाही. “स्थळ मी सुचवले, बैठक आमच्या घरी झाली, लग्नानंतर दोघे आमच्याकडे चार दिवस राहिले” याला आहे.

पिटिशन भरली तिथेच फाइल थांबणे

आय-१३० भरल्यावर मुलाखतीपर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज जाते. पिटिशनसोबत दिलेले पुरावे तिथवरचे असतात. अधिकाऱ्याला मधला काळ पाहायचा असतो, आणि नेमका तोच फाइलमध्ये नसतो. या काळात भेट झालीच नसेल तर कारण कागदावर दाखवा: रजा नाकारल्याचा ईमेल, आजारपणाचे कागद. ठरवून केलेले लग्न असेल आणि पहिली भेट ते लग्न यांत जेमतेम तीन आठवडे असतील, तर बायोडाटा, पत्रिका जुळवल्याचा कागद, मॅट्रिमोनी साइटवरचे पहिले मेसेज आवर्जून लावा. मुंबईतल्या अधिकाऱ्यांना ‘अॅरेंज्ड मॅरेज’ नवीन नाही. घाई का झाली ते मात्र त्यांना समजायला हवे.

उत्तरे पाठ करू नका. नवऱ्याचा पत्ता, कामाचे स्वरूप, भावंडांची नावे, तो किती वेळा भारतात आला, घरात आणखी कोण राहते, हे माहीत हवे. आठवत नसेल तर “नक्की आठवत नाही” म्हणा. अंदाजाने ठोकलेली तारीख नोंदली जाते. मराठीत बोलणे सोपे जात असेल तर तसे आधीच सांगा.

२२१(जी)ची चिठ्ठी मिळाली तर

मुलाखतीनंतर व्हिसा तूर्त रोखल्याची ही चिठ्ठी. वेबसाइटवर ‘रिफ्यूज्ड’ दिसते आणि घरात सुतक आल्यासारखे होते. बहुतेक वेळा याचा अर्थ एखादा कागद हवा आहे किंवा तपासणी बाकी आहे, एवढाच असतो. चिठ्ठीवर कशापुढे खूण आहे ते नीट वाचा. मागितले तेच, सांगितलेल्या मार्गाने, एका खेपेत द्या. सोबत केस नंबर आणि कागदांची यादी असलेले एक पान लावा, पोच जपून ठेवा. कागद देण्यासाठी एक वर्ष असते. त्या वर्षात काहीच दिले नाही तर अर्ज बंद होऊ शकतो. एजंट “नवा कागद बनवून देतो” म्हणाला तर तिथूनच परत या: दिखाऊ लग्न असा निष्कर्ष एकदा निघाला की पुढची कुठलीही पिटिशन मंजूर होत नाही, आणि त्याला मुदत नाही.

व्हिसा मिळाल्यावर हीच फाइल फेकू नका. अमेरिकेत प्रवेश करताना लग्नाला दोन वर्षे झाली नसतील तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचे, अटींसह मिळते. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ (अटी काढण्याचा अर्ज) भरायचा असतो, आणि तेव्हा भाडेकरार, वीजबिल, जॉइंट खाते असे दोघांच्या नावाचे पुरावे लागतात. अमेरिकेत उतरल्यावर पहिल्याच महिन्यात बायकोचे नाव भाडेकरारात घाला.