घरी वाळवलेली खिचडी गडावर कशी खावी

हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला निघालेल्या एखाद्याच्या सॅकमध्ये अजूनही कुकर, कांदे-बटाटे आणि तेलाची बाटली सापडते. त्यापेक्षा शिजलेली खिचडी घरीच वाळवून पिशवीत भरून न्यावी आणि गडावर त्या पिशवीतच उकळतं पाणी ओतून भिजवावी. बाजारातली रेडी-टू-ईट पाकिटं चवीला बरी असतात, पण त्यांतलं पाणीही आपणच पाठीवर चढवतो.

कच्चे डाळ-तांदूळ पिशवीतल्या गरम पाण्यात शिजत नाहीत, म्हणून आधी शिजवणं आलंच. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ, हळद, हिंग, जिरेपूड आणि मीठ घालून कुकरला मऊ खिचडी लावा. तेल-तूप थेंबभरही नको. ते वाळत नाही आणि पुढे खवट होतं.

निवत न ठेवता खिचडी लगेच बटर पेपरवर अगदी पातळ पसरा. डिहायड्रेटरमध्ये (गरम हवेने पदार्थ वाळवणारं यंत्र) ६० अंशांवर साधारण ८ ते १० तास लागतात. मध्ये एकदा उलटून गुठळ्या फोडा. ओव्हन असेल तर सगळ्यात कमी आचेवर, दार किंचित उघडं ठेवून. दमट हवेत किंवा पावसाळ्यात उन्हाच्या भरवशावर राहू नका, खिचडी आंबते. शीत दाताखाली कटकन तुटलं की झालं. वाकलं तर आत ओल आहे. गार झाल्यावर काचेच्या बरणीत रात्रभर बंद ठेवा. सकाळी काचेवर दव दिसलं तर पुन्हा वाळवा.

पिशवी जाड, उभी राहणारी आणि उकळतं पाणी चालेल असं छापलेलीच घ्या. साध्या झिपलॉकमध्ये उकळतं पाणी ओतू नये. तशीच पिशवी असेल तर खिचडी स्टीलच्या डब्यात भिजवा. माणशी एक मोठी वाटी भरा. पाणी साधारण सव्वापट ते दीडपट लागतं, पण एकदा घरी भिजवून बघा आणि जमलेल्या पातळीला पिशवीवर मार्करने रेघ मारा. अंधारात हेडटॉर्च लावून वाट्या मोजत बसायची वेळ येत नाही.

गडावर टाक्यातलं पाणी गाळून खळखळ उकळा, रेघेपर्यंत ओता, लांब चमच्याने तळाचे कोपरे ढवळा (कोरडी खिचडी तिथेच दडून बसते) आणि तोंड बंद करून पिशवी स्वेटरमध्ये गुंडाळा. हरिश्चंद्रगडाच्या उंचीवर, म्हणजे सुमारे १४०० मीटरवर, पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. वीसेक मिनिटं धीर धरा. हिमालयात ४००० मीटरवर ते ८७ पर्यंत उतरतं, तिथे अर्धा तास द्या. मग वरून डबीतलं तूप आणि चिमूटभर मेतकूट.

भिजवलेली खिचडी सकाळसाठी राखू नका. न्याहारीला भाजलेले पातळ पोहे, दाणे आणि तिखट-मीठ यांची वेगळी पिशवी असू द्या. त्यांना चुलीचीही गरज नाही.