एकट्याने रामशेज चढताना फोनचं काय करायचं

डोकं फार जड झालं की मी एकटाच पेठ रोडने नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्यावर जातो, पण फोन वाजत राहिला की वर जाऊनही तेच टेन्शन. म्हणून आता असं करतो:

१. पायथ्याशी घरी मेसेज टाकायचा, "रामशेज चढतोय, ९.३० ला खाली येऊन फोन करतो". ही वेळ पाळायचीच, नाहीतर घरचे घाबरतात.
२. मग एअरप्लेन मोड. मॅप आधीच डाउनलोड केला असेल तर जीपीएस तरीही चालतो आणि बॅटरीपण वाचते.
३. वर अर्धा तास नुसतं बसायचं, फोटो नाही काही नाही, रडू आलं तर येऊ द्यायचं, खरंच हलकं वाटतं.

पावसाळ्यात हरिहर किल्ल्याच्या त्या उभ्या पायऱ्यांवर मात्र एकट्याने अजिबात जाऊ नका, दगड फार निसरडा होतो.