गॅपनंतर परत गेट द्यायचीये? मग सुरुवात पुस्तकाने करू नका

कॉलेज सुटून पाच-सात वर्षं झालीत, नोकरी चालू आहे आणि आता एम.टेक.साठी परत गेट, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पुढच्या शिक्षणाची प्रवेश परीक्षा, द्यायचं मनात आलंय, तर आधी एक सांगतो, वयाची किंवा अटेम्प्टची काहीच अट नाही, ती धाकधूक सोडून द्या. जुना स्कोअर मात्र धरू नका, रिझल्टपासून ३ वर्षंच तो चालतो.

बहुतेकजण काय करतात, माळ्यावरच्या जुन्या नोट्स खाली काढतात आणि पहिल्या चॅप्टरपासून वाचायला बसतात, मग दोन महिने एकाच विषयात जातात आणि उत्साह पण संपतो. असं नका करू. एखाद्या रविवारी काहीही न वाचता मागच्या वर्षीचा पेपर ३ तास घड्याळ लावून सोडवा, ६५ प्रश्न, १०० मार्क. मार्क कितीही कमी पडू देत. मग प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासमोर लिहा की फॉर्म्युला आठवला नाही, की आकडेमोड चुकली, की ते प्रकरण कॉलेजातच डोक्यावरून गेलेलं. हे काम कंटाळवाणं आहे पण खरा अभ्यास इथूनच ठरतो, कारण विसरलेलं पाच-सहा गणितं सोडवली की परत हातात बसतं, कधी कळलंच नव्हतं ते वेळ खातं आणि तुमचे सुट्टीचे दिवस त्यालाच द्यायचेत.

२०२१ च्या आधी दिली असेल तर पॅटर्न नीट बघा. २०२१ पासून एमएसक्यू आले, म्हणजे एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे अचूक निवडले तरच मार्क, अर्धवटाला काही नाही. पण यात आणि आकडा टाइप करायच्या प्रश्नांत निगेटिव्ह, म्हणजे चुकल्यावर मार्क कापणं, नसतं, म्हणून ते रिकामे सोडूच नका. निगेटिव्ह फक्त एमसीक्यूला, म्हणजे एकच पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांना, १ मार्काला एक तृतीयांश आणि २ मार्काला दोन तृतीयांश.

आणि कॅल्क्युलेटर! स्वतःचा नेता येत नाही, स्क्रीनवरचा माऊसने चालवायचा. त्यात ३० चा साइन काढायचा तर आधी ३० आणि मग साइन दाबायचं, वर्गमुळाचंही तसंच, शिवाय डिग्री की रेडियन ते बघून घ्यायचं. घरी मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर सराव केलात तर तिथे बोटं अडखळणार, म्हणून पहिल्या दिवसापासून स्क्रीनवरचाच वापरा.

नोकरी करणाऱ्यांनी ॲप्टिट्यूडचे १५ मार्क अजिबात हलक्यात घेऊ नयेत. सिव्हिल, मेकॅनिकल, सीएस अशा ब्रँचना मॅथ्सचे साधारण १३ धरले तर २८ मार्क इथेच आहेत, आणि ट्रेनमध्ये किंवा लंच ब्रेकमध्ये तुकड्यातुकड्याने होणारा अभ्यास हाच. रोज सकाळी दीड तास कोअर विषय, तोही गणितं सोडवूनच, नुसते व्हिडिओ बघून नाही.

फॉर्म भरताना नाव परीक्षेला नेणार त्या ओळखपत्रावर आहे अगदी तसंच टाका, लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींनी हे आधीच तपासा. परीक्षा फेब्रुवारीत असते. ॲडमिट कार्ड आलं की सत्र सकाळी ९.३० चं आहे की दुपारी २.३० चं ते बघा आणि शेवटचे सगळे मॉक, म्हणजे सराव पेपर, त्याच वेळेला बसून द्या.