इंटरसेप्ट काढल्यावर आर-स्क्वेअर अचानक वाढला? माझा अनुभव

'आर' या संख्याशास्त्राच्या प्रोग्रामिंग भाषेतल्या 'कार्स' डेटावर (गाड्यांचा वेग आणि थांबायचं अंतर, ५० नोंदी) डिस्ट ~ स्पीड हे वेगावरून अंतराचा अंदाज बांधणारं साधं सरळ रेषेचं मॉडेल आर-स्क्वेअर (अंतरातला किती फरक मॉडेल समजावतं ते प्रमाण) ०.६५११ देतं. वेग शून्य तर थांबायचं अंतरही शून्य, म्हणून इंटरसेप्ट (वेग शून्य असताना मॉडेल सांगतं ते अंतर) काढायला डिस्ट ~ ० + स्पीड लिहिलं आणि आकडा थेट ०.८९६३! पण रेसिड्युअल स्टँडर्ड एरर (रेसिड्युअल, म्हणजे खरी किंमत वजा मॉडेलचा अंदाज, साधारण किती मोठे आहेत ते) १५.३८ वरून १६.२६ झाली, म्हणजे फिट खरं तर बिघडला होता.

० ऐवजी -१ लिहिलं, उत्तर तेच. अ‍ॅडजस्टेड आर-स्क्वेअरही (मॉडेलमधल्या घटकांची संख्या धरून सुधारलेला) तसाच फुगलेला. अख्खी दुपार या विसंगतीत गेली.

गोम मॉडेलचे हे आकडे छापणाऱ्या समरी फंक्शनमध्ये आहे. इंटरसेप्ट नसला की ते एकूण वर्गबेरीज सरासरीऐवजी शून्यापासून मोजतं. इथे ती ३२,५३९ ची १,२४,९०३ होते. आर-स्क्वेअर म्हणजे १ वजा (रेसिड्युअलच्या वर्गांची बेरीज भागिले एकूण वर्गबेरीज), म्हणून हा भाजक फुगला की आर-स्क्वेअरही फुगतो.

तुलनेसाठी आकडा असा काढा: आधी मॉडेलचे रेसिड्युअल घ्या, प्रत्येकाचा वर्ग करून बेरीज करा (१२,९५४). मग डिस्टच्या प्रत्येक किमतीतून डिस्टची सरासरी वजा करून वर्गांची बेरीज घ्या (३२,५३९). पहिलीला दुसरीने भागा आणि भागाकार १ मधून वजा करा. उत्तर ०.६०, म्हणजे ०.६५ पेक्षा कमीच.

शिवाय नेहमीच्या मॉडेलमध्ये इंटरसेप्ट -१७.५८ आहे, पी-व्हॅल्यू ०.०१२३ (खरा इंटरसेप्ट शून्य असता तर शून्यापासून इतका दूरचा आकडा निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता). डेटातला सर्वांत कमी वेगही ताशी ४ मैल. शून्याजवळ एकही नोंद नाही. त्यामुळे इथे इंटरसेप्ट ठेवणंच बरोबर.