सिम लीगमधला निवृत्त खेळाडू हॉल ऑफ फेममध्ये जाईल का, हे कसं ठरवावं

बेसबॉलच्या सिम्युलेशन लीगमध्ये, म्हणजे संगणकावर खेळवल्या जाणाऱ्या लीगमध्ये, एखादा मोठा खेळाडू निवृत्त झाला की त्याला हॉल ऑफ फेममध्ये (दिग्गजांच्या मानाच्या यादीत) घ्यावं का, यावर ठरलेला सल्ला मिळतो: ३००० हिट्स झाल्या का बघा, ५०० होम रन झाले का बघा, पिचर (चेंडू टाकणारा) असेल तर ३०० विजय मोजा. हा सल्ला सरळ बाजूला ठेवा. ते आकडे मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या खऱ्या व्यावसायिक बेसबॉलच्या, इतिहासातून आले आहेत. तुमच्या लीगमध्ये धावा किती निघतात, सीझनमध्ये सामने किती होतात, हे तुमच्या सेटिंग्जवर ठरतं.

आधी खेळाडूची सीझनवार आकडेवारी आणि त्या प्रत्येक सीझनची लीग सरासरी एका शीटमध्ये उतरवून घ्या. गेममधली रेटिंग्ज उतरवू नका. त्याच्यात किती गुण होते हा प्रश्नच नाही, मैदानात त्याने काय केलं एवढंच मोजायचं.

आता खरी अवघड पायरी. खेळाडूची तुलना त्याच्या काळाशी करायची. १९६८ साली कार्ल यास्ट्रझेम्स्की ०.३०१ च्या बॅटिंग सरासरीवर (हिट्स भागिले बॅटिंगच्या संधी) मेजर लीगच्या दोन भागांपैकी अमेरिकन लीगचा बॅटिंग विजेता ठरला, कारण त्या वर्षी अख्ख्या लीगची सरासरी ०.२३० होती. १९३० च्या नॅशनल लीगमध्ये, म्हणजे दुसऱ्या भागात, लीगचीच सरासरी ०.३०३ होती, तिथे हाच आकडा कुणाच्या नजरेतही भरला नसता. पिचरचंही तसंच. बॉब गिब्सनचा १९६८ चा १.१२ ईआरए (दर नऊ इनिंग्जमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा; जितका कमी तितका चांगला) सगळ्यांना पाठ असतो. पण २००० साली, धावांचा पूर आलेला असताना, पेद्रो मार्टिनेझने काढलेला १.७४ लीगच्या तुलनेत त्याहून सरस आहे: १०० म्हणजे सरासरी धरली तर गिब्सन २५८, पेद्रो २९१.

एका सीझनचं गणित सोपं आहे. लीगचा ईआरए भागिले खेळाडूचा ईआरए, गुणिले १००. घोळ होतो तो पूर्ण कारकिर्दीचा आकडा काढताना. लोक दर सीझनचे आकडे घेतात, बेरीज करून सीझनच्या संख्येने भागतात. असं अजिबात करू नका. समजा लीगचा ईआरए दोन्ही वर्षी ४.५० आहे. दुखापतीच्या वर्षी पिचरने ६० इनिंग्ज टाकल्या, ईआरए १.५०, म्हणजे ३००. पुढच्या वर्षी २४० इनिंग्ज, ईआरए ४.५०, म्हणजे १००. साधी सरासरी २०० येते, आणि एक सामान्य पिचर थेट दंतकथा होऊन बसतो.

बरोबर रीत अशी: तेवढ्याच इनिंग्जमध्ये लीगच्या सरासरी पिचरने किती धावा दिल्या असत्या ते काढा. इथे ३० आणि १२०, एकूण १५०. आपल्या पिचरने दिल्या १० आणि १२०, एकूण १३०. दीडशेला एकशेतीसने भागा, शंभराने गुणा. उत्तर ११५. चांगला पिचर, बस्स. बॅटरसाठीही प्रत्येक सीझनला त्यातल्या प्लेट अपिअरन्सइतकंच (तो किती वेळा बॅटिंगला आला तितकंच) वजन द्या.

काही मैदानांवर धावा जास्त निघतात, काहींवर कमी; होम ग्राउंडचा हा परिणाम वजा करा, पण निम्माच. अर्धे सामने बाहेर होतात.

मग पोझिशन. शॉर्टस्टॉप आणि कॅचर या फील्डिंगच्या अवघड जागा; त्यांना फर्स्ट बेसमनच्या बॅटिंगच्या मापाने मोजणं हा अन्याय आहे. शॉर्टस्टॉप ओझी स्मिथ ०.२६२ च्या सरासरीवर आणि फक्त २८ होम रनवर २००२ मध्ये पहिल्याच मतदानात निवडून आला, तो १३ गोल्ड ग्लव्ह (उत्तम फील्डिंगचे पुरस्कार) मिळवणाऱ्या फील्डिंगच्या जोरावर.

पूर्ण कारकीर्द आणि ऐन भराचा काळ यांचा मेळ घालायला बेसबॉल लेखक जे जॅफीची रीत वापरा: कारकिर्दीचा एकूण वॉर (सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा त्याने संघाला किती जास्त विजय मिळवून दिले तो आकडा) आणि सर्वोत्तम सात सीझनचा वॉर, दोन्हींची सरासरी. ती आपल्या लीगमध्ये त्याच पोझिशनवर आधी निवडल्या गेलेल्यांशी ताडून बघा. नाकारलेल्यांशीही. काल्पनिक खेळाडूंनी सुरू झालेल्या लीगमध्ये पहिल्या दिवशीच तिशीत असलेल्यांना मात्र केवळ भराच्या काळावर जोखा, कारण त्यांची आधीची वर्षं कुठे नोंदलेलीच नसतात. भराच्या काळावर निवड खरीही होते: पिचर सँडी कूफॅक्स १६५ विजयांवर १९७२ मध्ये आत गेला. शेवटची पाच वर्षं ओळीने त्याचाच ईआरए नॅशनल लीगमध्ये सर्वांत कमी होता.

पुरस्कार शेवटी बघा, तेही बरोबरी झाली तरच.

राहिलं मतदान. खऱ्या हॉल ऑफ फेमचा नियम ७५ टक्के मतांचा आहे, आणि ५ टक्क्यांखाली गेलेलं नाव यादीतून कायमचं जातं. सेकंड बेसमन लू व्हिटेकर २००१ मध्ये असाच पहिल्याच वर्षी बाहेर फेकला गेला, आणि माझ्या मते ती घोडचूक होती. वीस मालकांच्या (संघ चालवणाऱ्या सभासदांच्या) लीगमध्ये ५ टक्के म्हणजे एकच मत, आणि निवडीला पंधरा मतं लागतात. एवढ्या छोट्या लीगमध्ये खालची अट पहिली तीन वर्षं लावूच नका. जेमतेम काठावरच्या खेळाडूचे आकडे दरवर्षी नव्याने मालकांसमोर ठेवा, प्रत्येक सीझनच्या लीग सरासरीसकट.