ऑइलचा दाटपणा आणि तापमान: पॉवरपॅकसाठी ग्रेड कसा ठरवावा

कारखान्यात नवे ऑइल आले की जुना फिटर बॅरलमध्ये बोट बुडवतो, अंगठा आणि तर्जनी यांच्यात थेंब घोळवतो आणि "जाड आहे" किंवा "नुसते पाणी आहे" असा निकाल देतो. त्या बोटांचा अनुभव मोठा असतो, पण बोटे ऑइल तपासतात ते शेडच्या तापमानाला, आणि मशीन ते वापरते ते त्यापेक्षा तीस-चाळीस अंश गरम झाल्यावर. या दोन अवस्थांत ऑइलचा दाटपणा इतका बदलतो की बोटांनी दिलेला निकाल मशीनच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी ठरतो. म्हणून या लेखात हायड्रॉलिक पॉवरपॅकचे, म्हणजे टाकी, पंप आणि मोटर यांच्या ज्या संचातून मशीनला दाबाखालचे ऑइल मिळते त्याचे, उदाहरण घेऊन, आपल्या मशीनच्या खऱ्या तापमानाला ऑइल किती दाट राहील हे कसे काढावे आणि त्यावरून ग्रेड कसा ठरवावा, हे सांगितले आहे.

दाटपणाला पाठ्यपुस्तकात श्यानता आणि कारखान्यात व्हिस्कॉसिटी म्हणतात. ती सेंटीस्टोकमध्ये मोजतात आणि अंदाजासाठी एवढे लक्षात ठेवावे की २० अंश सेल्सिअसच्या पाण्याची श्यानता सुमारे १ सेंटीस्टोक असते. नेहमीच्या खनिज तेलापासून बनवलेले ६८ ग्रेडचे हायड्रॉलिक ऑइल घेतले, तर १० अंशांना त्याची श्यानता सुमारे ४५०, २० अंशांना २१७, ३० अंशांना ११६, ४० अंशांना ६८, ६० अंशांना २८ ते २९ आणि १०० अंशांना ८.६ सेंटीस्टोक इतकी भरते. हे आकडे नीट पाहिले म्हणजे दिसते की थंडीतले दहा अंश श्यानता निम्म्यावर आणतात, तर गरम ऑइलमधल्या दहा अंशांनी तेवढा फरक पडत नाही. उष्णतेने तेलाच्या लांबट रेणूंची हालचाल वाढते, त्यांची एकमेकांवरची पकड सैल होते आणि थर थरावरून सहज सरकू लागतो. पकड मुळात घट्ट असते तिथे तो परिणाम अधिक जाणवतो.

इथे एक गल्लत टाळावी. हिवाळ्यात खोबरेल तेल बाटलीत थिजते, ते दाट होणे नव्हे. त्यातले स्निग्ध पदार्थ ठरावीक तापमानाला गोठतात. वंगणाचे ऑइल मात्र न गोठता हळूहळू दाट होत जाते. खनिज तेलातले मेण वेगळे होऊन ते वाहायचेच थांबते ती अवस्था बरीच खाली, बहुधा शून्याच्याही खाली येते, त्यामुळे महाराष्ट्रातल्या शेडमध्ये तिची काळजी करण्याचे कारण सहसा नसते.

आता बॅरलवरचा आकडा. हायड्रॉलिक आणि औद्योगिक गिअर ऑइलवर आयएसओ व्हीजी ३२, ४६, ६८, २२० असे लिहिलेले असते. हा आकडा म्हणजे ४० अंशांची श्यानता, तीही दहा टक्के इकडे-तिकडे धरून. म्हणजे व्हीजी ६८ चे ऑइल प्रत्यक्षात ६१.२ ते ७४.८ मध्ये कुठेही असू शकते. इंजिन ऑइलवरचा एसएई ४० हा आकडा सेंटीस्टोकचा नाहीच. तो एका पट्ट्याचा क्रमांक आहे, आणि त्या पट्ट्याचा अर्थ १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक असा आहे. म्हणून "४० संपले आहे, ४६ टाका, थोडे जाड चालेल" हे वाक्य स्टोअरमध्ये ऐकू आले की तिथेच थांबवावे, कारण इंजिनाचे ४० हे हायड्रॉलिकच्या ४६ पेक्षा दुपटीहून अधिक दाट असते. गाड्यांच्या गिअर ऑइलच्या ९० चीही तीच कथा आहे: त्याची मोजपट्टीच निराळी आहे आणि १०० अंशांना ते साधारण इंजिनाच्या ४० किंवा ५० इतकेच दाट असते.

ग्रेडच्या आकड्यावरून एकाच तापमानाची माहिती मिळते. दुसऱ्या तापमानाची हवी असेल तर पुरवठादाराकडून त्या ऑइलचे माहितीपत्रक मागून घ्यावे आणि त्यातल्या तीन नोंदी पाहाव्यात: ४० अंशांची श्यानता, १०० अंशांची श्यानता आणि व्हिस्कॉसिटी इंडेक्स. हा निर्देशांक १९२९ साली डीन आणि डेव्हिस यांनी मांडला. त्या वेळी पेनसिल्व्हेनियाच्या तेलाला १०० आणि मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावरच्या तेलाला ० धरले होते, कारण पहिले तापमानाने सर्वांत कमी बदलत होते आणि दुसरे सर्वांत जास्त. आज साध्या खनिज हायड्रॉलिक ऑइलचा निर्देशांक ९५ ते १०० च्या आसपास असतो आणि १५डब्ल्यू-४० सारख्या मल्टिग्रेड इंजिन ऑइलचा बहुधा १३० च्या पुढे. निर्देशांक जितका मोठा, तितका तापमानाचा परिणाम कमी.

यानंतरचे काम म्हणजे मशीनचे खरे तापमान घेणे. हे काम बहुतेक ठिकाणी अंदाजाने उरकले जाते. मशीन पूर्ण भाराने किमान दोन तास चाललेले असावे. टाकीच्या काचेच्या लेव्हल गेजमध्ये थर्मामीटर असतो, पण गेज टाकीच्या कोपऱ्यात असल्याने तिथले ऑइल फारसे हलत नाही आणि रीडिंग कमी येते. म्हणून सक्शनच्या, म्हणजे पंप टाकीतून ऑइल ओढतो त्या तोंडाच्या, जवळ तारेचा प्रोब सोडून मोजणे चांगले. इन्फ्रारेड गन वापरायची असेल तर ती रंगवलेल्या पृष्ठभागावर धरावी, कारण चकचकीत धातूवर ती तापमान बरेच कमी दाखवते. रंगाची जागा नसेल तर पाइपावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर मारावी. हे रीडिंग दोनदा घ्यावे, एकदा मे महिन्यातल्या दुपारी आणि एकदा जानेवारीतल्या सकाळी मशीन सुरू करण्यापूर्वी.

दोन तापमानांच्या श्यानता माहीत असल्या की तिसऱ्या तापमानाची काढता येते. साध्या आलेखाच्या कागदावर या दोन बिंदूंमधून सरळ रेष ओढून चालत नाही, कारण वक्र थंडीकडे झपाट्याने वर जातो. रेष सरळ होण्यासाठी श्यानतेत ०.७ मिळवून तिचा दोनदा लॉग घ्यावा लागतो आणि तापमानात २७३.१५ मिळवून त्याचा एकदा. कॅल्क्युलेटरवर हे पाच मिनिटांचे काम आहे. वरच्या ६८ ग्रेडचे उदाहरण घेऊ. ६८.७ चा लॉग १.८३७० आणि त्याचा पुन्हा लॉग ०.२६४१. ९.३ चा लॉग ०.९६८५ आणि त्याचा पुन्हा लॉग उणे ०.०१३९. तापमानांचे लॉग २.४९५८ आणि २.५७१९. पहिल्या दोन आकड्यांतला फरक ०.२७८०, दुसऱ्या दोहोंतला ०.०७६१, भागाकार केला की उतार ३.६५ मिळतो. आता ६५ अंश हवे असतील तर ३३८.१५ चा लॉग २.५२९१, तो २.४९५८ पेक्षा ०.०३३३ ने मोठा आहे, त्याला ३.६५ ने गुणून येणारे ०.१२१५ हे ०.२६४१ मधून वजा केले की ०.१४२६ उरते. त्याचा दोनदा अँटिलॉग घेऊन ०.७ वजा केले की २३.७ सेंटीस्टोक. स्प्रेडशीटमध्ये हे एकदा मांडून ठेवले की पुढे फक्त तापमान बदलायचे.

मिळालेला आकडा कशाशी ताडून पाहायचा हे पंपाच्या पुस्तिकेत असते. अनेक पिस्टन पंपांसाठी चालू स्थितीतली उत्तम श्यानता १६ ते ३६ सेंटीस्टोक आणि थोड्या वेळापुरती किमान मर्यादा १० दिलेली असते. गिअर आणि व्हेन पंपांच्या मर्यादा वेगळ्या असतात, त्यामुळे आपल्याच पंपाची पुस्तिका शोधावी. थंड स्टार्टसाठीची कमाल मर्यादाही तिथे असते, आणि ती वाचायची बहुतेकांकडून राहते.

माझ्याकडूनही ती राहिली होती. नाशिक भागातल्या एका शेडमध्ये जानेवारीत सकाळी आठ अंश तापमान असताना प्रेसचा पंप सुरू केला की टाकीत खडी ढवळल्यासारखा आवाज येई. पंप गेला असे समजून तो उतरवला, दुसरा चढवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या पंपातूनही तोच आवाज आला. अकराच्या सुमारास मात्र तो आपोआप थांबला. टाकीत ६८ ग्रेड होता आणि आठ अंशांना त्याची श्यानता ५०० च्या पुढे होती. इतके दाट ऑइल बारीक जाळीच्या सक्शन स्ट्रेनरमधून पुरेसे येत नव्हते, पंपाच्या तोंडाशी पोकळी तयार होऊन फुटत होती, आणि आम्ही निर्दोष पंप काढून ठेवला होता. ४६ ग्रेडची त्याच तापमानाची श्यानता सुमारे ३०० असते. प्रेस दिवसभर ६० अंशांच्या आत चालत असल्याने तिथे ४६ ची श्यानता २० च्या वर राहणार होती, म्हणून ग्रेड बदलला. ग्रेड बदलणे शक्य नसेल, तर रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडून देणारी झडप) सैल करून पंप दहा-पंधरा मिनिटे बिनभाराचा, थांबत-थांबत चालवावा आणि ऑइल २० अंशांच्या वर गेल्याशिवाय प्रेसवर भार घेऊ नये.

उन्हाळ्याची बाजू उलटी असते. हवेने थंड होणाऱ्या पॉवरपॅकमध्ये शेडचे तापमान जितके वाढते, साधारण तितकेच टाकीचेही वाढते; २८ अंशांच्या हवेत ५० वर चालणारी टाकी ४२ अंशांच्या हवेत ६४ च्या आसपास जाते. पातळ झालेले ऑइल पंपातल्या बारीक फटींमधून मागे झिरपते, त्या झिरपण्याने उष्णता तयार होते, आणि त्या उष्णतेने ऑइल आणखी पातळ होते. दुपारनंतर सिलिंडर मंद होणे, टनेज (प्रेसचा टनांतला दाब) चढायला वेळ लागणे, ही त्याची खूण. विदर्भातल्या शेडमध्ये टाकी ७० अंशांवर जात असेल, तर ४६ ग्रेड १५ च्या खाली उतरतो आणि ६८ ग्रेड २० वर राहतो, तेव्हा तिथे ६८ घेणे योग्य. तरीही माझे मत असे की ग्रेड वाढवण्याआधी कूलरच्या फिनमधला कचरा काढावा, कारण ७० अंशांवर सील आणि ऑइल दोन्ही लवकर खराब होतात आणि जाड ग्रेडने तो तोटा भरून निघत नाही. सकाळी थंडी आणि दुपारी कडक ऊन असेल तिथे जास्त निर्देशांकाचे हायड्रॉलिक ऑइल घ्यावे. ते महाग असते, आणि त्याच्या गुणाचे कारण असलेले पॉलिमर वापरात हळूहळू तुटत असल्याने त्याची श्यानता मधूनमधून तपासावी लागते.

इंजिनाच्या १५डब्ल्यू-४० बाबत एक समज खूप पसरलेला आहे: ते थंडीत पातळ असते आणि गरम झाले की जाड होते. तसे होत नाही. नेहमीच्या १५डब्ल्यू-४० ची श्यानता ४० अंशांना १०८ आणि १०० अंशांना सुमारे १४.४ असते, म्हणजे तेही गरम झाल्यावर पातळच होते. मात्र दहा अंशांच्या सकाळी ते सुमारे ६१० असते, तर गरम असताना तेवढेच दाट राहणारे साधे एसएई ४० त्या सकाळी ११०० च्या पुढे गेलेले असते. डब्ल्यू म्हणजे विंटर, आणि १५डब्ल्यूची थंड स्टार्टची चाचणी उणे २० अंशांना होते.

वापरलेले ऑइल पातळ झाले आहे की नाही हे प्रयोगशाळेशिवाय ढोबळपणे पाहता येते, फक्त तापमान सांभाळावे लागते. त्याच ब्रँडचे नवे आणि जुने ऑइल दोन बंद बाटल्यांत भरून, त्या एकाच बादलीतल्या पाण्यात तासभर ठेवाव्यात आणि नंतर ५० मिलिलिटरची एकच सिरिंज, दट्ट्या काढून, ठरावीक खुणेपर्यंत भरून रिकामी व्हायला लागणारे सेकंद तीन-तीनदा मोजावेत. दोन वेळांत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. बादलीचा आग्रह याचसाठी की ४० अंशांच्या जवळ दोन अंशांच्या फरकाने श्यानता आठ-नऊ टक्क्यांनी आणि पाच अंशांनी सुमारे वीस टक्क्यांनी बदलते. मशीनमधून नुकते काढलेले कोमट ऑइल बॅरलमधल्या थंड ऑइलशेजारी ठेवले, तर ते चांगले असूनही खराब ठरते.

लेव्हल पाहतानाही तापमान लक्षात घ्यावे. ऑइल दर अंशाला सुमारे ०.०७ टक्के फुगते, म्हणजे २०० लिटरच्या टाकीत ३० अंशांच्या वाढीने चार लिटरांहून अधिक. थंड असताना वरच्या खुणेपर्यंत भरलेली टाकी दुपारी ब्रीदरमधून (टाकीत हवा ये-जा करण्याच्या तोंडातून) गळताना दिसली, तर गळती शोधण्याआधी ती कोणत्या तापमानाला भरली होती हे विचारावे. ऑइल बदलताना मात्र ते ४० ते ५० अंशांवर असतानाच काढावे. थंड काढले तर पाइपांत आणि तळाशी पुष्कळ चिकटून राहते, आणि त्याहून गरम काढले तर हात भाजतात.